अलार्म वाजल्यापासून दारात माणूस येईपर्यंत: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी

पायरी १: सामान घेण्याआधी मिनिटं मोजा

टिळकवाडीतलं एक घर दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बंद आहे, माणसं पुण्याला गेली आहेत. रात्री अडीच वाजता परड्याकडचं मागचं दार उचकटलं जातं. तिथून पुढे काय काय घडतं ते कागदावर क्रमाने मांडा.

दाराचा सेन्सर सुटला की पॅनलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला, लगेच कळतं. पण त्या दाराला ‘एंट्री डिले’ (घरच्या माणसाला आत येऊन कोड घालायला दिलेली सवड) दिलेला असेल तर पॅनल तेवढा वेळ गप्प राहतं, साधारण ३० सेकंद. मग सिग्नल निघतो. इंटरनेट किंवा मोबाईल डेटावरून तो ५ ते १० सेकंदांत पोचतो. पॅनल साधा व्हॉइस कॉल लावणारं असेल तर २०-३० सेकंद जातात. मॉनिटरिंग कंपनीच्या (लांबून अलार्मवर नजर ठेवणाऱ्या कंपनीच्या) केंद्रात ऑपरेटर तो उघडून पहिला फोन फिरवेपर्यंत अर्धा ते दीड मिनिट धरा. पहिला फोन जातो तुमच्या घरी, जिथे कोणीच नाही. पूर्ण रिंग होईपर्यंत ४५ सेकंद गेले. दुसरा पुण्यात झोपलेल्या मालकाला, तिसरा शेजाऱ्याला; या दोन फोनांत आणखी दोनेक मिनिटं. शेजारी उठणार, चष्मा शोधणार, दिवा लावणार, एकट्याने जायचं नाही म्हणून समोरच्याला हाक मारणार. त्याला ३ ते ५ मिनिटं द्या.

बेरीज ७ ते १० मिनिटांवर येते, आणि तीही सगळे फोन पहिल्या प्रयत्नात उचलले गेले तर. ११२ ची पोलीस गाडी त्या वेळी शहराच्या कोणत्या टोकाला आहे, हा हिशोब यात धरलेलाच नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या घराचे आकडे पायरी ८ मधल्या चाचणीने काढायचे.

कंपनीच्या पत्रकावर ‘६० सेकंदांत प्रतिसाद’ लिहिलेलं असतं ते या साखळीतल्या एकाच कडीबद्दल असतं: ऑपरेटरने सिग्नल उघडून फोन हातात घेणं. दारात माणूस उभा राहण्याशी त्याचा संबंध नाही. हा फरक नीट समजला की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

जांबोटी-कणकुंबीकडच्या गावात हा हिशोब आणखी स्पष्ट होतो. बेळगावहून निघालेला गार्ड घाटरस्त्याने, पावसाळ्यात, तासाभरात पोचला तरी नशीब. तिथे कंपनीच्या गाडीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. तिथली यंत्रणा शेजाऱ्याच्या फोनभोवतीच उभी करावी लागते.

पायरी २: सेन्सर बाहेर, अडथळा आत

चोर आत शिरल्यावर कळलं तर ती १० मिनिटं त्याची. म्हणून नियम असा: गजर आधी, कुलूप नंतर. सेन्सर घराच्या सर्वांत बाहेरच्या थरावर लावा आणि मजबूत अडथळे त्याच्या आतल्या थरावर ठेवा, म्हणजे गजर सुरू झाल्यावरही चोराला फोडायला काहीतरी शिल्लक राहतं.

मागचं दार दोन थरांत विभागता येतं. बाहेर जाळीचं दार किंवा ग्रिल, त्यावर सेन्सर. आत लाकडी दार, त्याला आतून आडणा. कोयंडा लाकडात नुसत्या स्क्रूने बसवलेला असेल तर पहारीच्या एका हिसक्यात उपटून येतो; तो काढून ८ मिलिमीटरचे आरपार बोल्ट घाला आणि आतल्या बाजूने पट्टी व नट बसवा. खिडकीच्या गजांमध्ये चार-साडेचार इंचांपेक्षा जास्त अंतर नको.

चिऱ्याच्या जुन्या घरांत, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत असोत की खानापूर तालुक्यात, दार पक्कं असतं आणि कौलं उघडी असतात. चार मंगळुरी कौलं आवाज न करता उचलता येतात. माळ्यावर आढ्याखाली वेल्ड केलेली जाळी ठोका आणि माळ्यावरून घरात उतरायच्या झडपेला खालच्या बाजूने कडी लावा. माळ्यावर मोशन सेन्सर, खाली कडी: हाच तो बाहेर सेन्सर, आत अडथळ्याचा नियम.

लोखंडी कपाट भिंतीला किंवा जमिनीला चार अँकर बोल्टने जखडा. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये असलेलं बरं, हे कोणालाही माहीत आहे. पण लग्नसराईत ते घरी आणलेलं असतं आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळे कार्यालयात असतात. त्या दिवसांत घरी एक माणूस ठेवणं कोणत्याही सेन्सरपेक्षा चांगलं.

एक गोष्ट कडक शब्दांत: कुंपणाच्या तारेत घरचा करंट सोडू नका. शेताकडेच्या घरांना तसं सुचवणारे भेटतात. त्यात माणूस मेला तर तुमच्यावर फौजदारी गुन्हा होतो, आणि मरणारा बहुधा तुमचाच गडी किंवा शेजाऱ्याचं पोर असतं.

पायरी ३: कोणतं सामान, कुठे

पुढचं दार, मागचं दार, जिना आणि माळा असलेल्या साध्या घराला एवढं पुरतं: एक पॅनल, एक की-पॅड, ३ ते ४ मॅग्नेटिक सेन्सर, २ ते ३ मोशन सेन्सर, एक आतला आणि एक बाहेरचा सायरन, एक पॅनिक बटण. दुकानदार १६ झोनचं (सेन्सरच्या १६ वेगळ्या लाइनींचं) पॅनल दाखवेल. ८ झोनचं बहुतेक घरांना चालतं.

मॅग्नेटिक सेन्सरचे दोन तुकडे असतात, चौकटीवर स्विच आणि दारावर चुंबक. साधा सेन्सर १५ ते २० मिलिमीटर अंतरापर्यंत काम करतो, पण बसवताना ५ मिलिमीटरच्या आत ठेवा. आपल्याकडे इथेच गडबड होते. जून-जुलैमध्ये सागवान, फणस कसलंही दार ओलाव्याने फुगतं, नीट बसत नाही, अंतर वाढतं आणि रात्री वाऱ्याच्या झोताने खोटा गजर होतो. दार सुताराकडून रंधून घ्या आणि मगच सेन्सर लावा. लोखंडी दारावर साधं चुंबक चालवू नका: लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं आणि चालणारं अंतर बरंच कमी होतं. जड, धातूच्या खोक्यातला सेन्सर घ्या किंवा खाली प्लास्टिकचा तुकडा घालून चुंबक उचला. खाली दुकान आणि वर घर असेल तर शटरला जमिनीवर बसणारा शटर-सेन्सरच हवा.

मोशन सेन्सर अंगाची उष्णता हलताना ओळखतो. उंची २.१ ते २.४ मीटर, खोलीच्या कोपऱ्यात. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर तो चटकन पकडतो; सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून सेन्सरचं तोंड दाराकडे करण्यापेक्षा दारातून आत येणारा त्याला आडवा जाईल असं लावा. खिडकीतून पडणारं ऊन, देवघरातली समई, फ्रिजचा मागचा भाग यांच्याकडे तोंड नको. पत्र्याच्या छताखाली किंवा अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरक कळेनासा होतो. तापमान-भरपाईची सोय असलेलाच सेन्सर मागा.

खोट्या गजरांची बाकीची कारणं ओळखीची आहेत. पाल भिंगावरून फिरते. कोळी नेमका भिंगासमोर जाळं करतो. मांजर कपाटावर चढतं, आणि ‘पाळीव प्राणी चालतील’ असं लिहिलेला सेन्सर जमिनीवरच्या प्राण्यापुरताच तसा असतो, उंचावर चढलेल्या मांजराला तो माणूसच समजतो. माळ्यावर उंदीर वायर कुरतडतात, म्हणून तिथली वायर पाइपातूनच न्या. गणपतीत आणि दिवाळीत फटाक्यांच्या हादऱ्याने काच-फुटीचे आणि कंपनाचे सेन्सर वाजतात. त्यांची संवेदनशीलता एका पायरीने खाली आणा. ते बंद करू नका, कारण नंतर चालू करायचं राहून जातं.

खोट्या गजरांकडे दुर्लक्ष केलं तर प्रतिसादाचा वेळच संपतो. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० साली ठरवलं की कोणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री केल्याशिवाय नुसत्या घरफोडीच्या गजरावर गाडी पाठवायची नाही. कारण खोटे गजरच फार होते. आपल्या गल्लीतही तेच होतं, फक्त ठराव होत नाही. तीनदा उगाच वाजलं की चौथ्यांदा समोरचे काका कूस बदलून झोपतात.

वायरचे सेन्सर की वायरलेस? नवीन बांधकाम असेल तर वायरच ओढा. प्रत्येक झोनच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो, पॅनलनुसार २.२, ४.७ किंवा ५.६ किलोओहमचा. तो सेन्सरच्या आतच बसवायचा. घाईत असलेला मिस्त्री तो पॅनलच्या पेटीतच लावून मोकळा होतो. मग मधली वायर कोणी जोडून टाकली तरी पॅनलला पत्ता लागत नाही. काम संपल्यावर पेटी उघडून बघा. झोनच्या टर्मिनलवर रेझिस्टर लटकताना दिसले तर पैसे देऊ नका. चिऱ्याच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींच्या घरात वायरलेस घ्यायचं असेल तर आधी एक सेन्सर सर्वांत लांबच्या खोलीत, दार बंद करून, पॅनलवर सिग्नल किती येतो ते तपासा. खोक्यावर छापलेले १०० मीटर मोकळ्या मैदानातले असतात.

पुढच्या दाराला ३० सेकंद एंट्री डिले ठेवा, ४५ च्या वर नको. मागचं दार, माळा, खिडक्या यांना शून्य. घरचा माणूस परत येताना मागच्या दाराने येत नाही, मग चोराला ती ३० सेकंदं का द्यायची? सायरन ५ मिनिटांनी आपोआप थांबेल असं लावा.

पायरी ४: करंट गेला तरी चालू

हेस्कॉमचा करंट वळवाच्या पहिल्या वादळात जातो तो कधी तासाने येतो, कधी खानापूर बाजूला दुसऱ्या दिवशी. पॅनलमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी असते. पॅनल, की-पॅड आणि सहा वायरचे सेन्सर मिळून साधारण २५० मिलीअँपिअर ओढतात; ७ ला ०.२५ ने भागलं की २८ तास. दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीकडून त्यातले १५-१७ धरा. तीन वर्षांनी ती बदलायचीच, फुगलेली नसली तरी.

पॅनल जागं राहून उपयोग नाही, सिग्नल बाहेर पडायला हवा. घरचा फायबरचा राउटर करंट गेल्याबरोबर मरतो. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. इन्व्हर्टरवर असूनही राउटर प्रत्येक वेळी बंद होऊन चालू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘इको’वर आहे का बघा, ते ‘यूपीएस’वर केलं की बदल इतका चटकन होतो की राउटरला कळत नाही. नाहीतर दर वेळी मिनिट-दोन मिनिटं घर आंधळं असतं. नुसत्या वाय-फायवर चालणारे स्वस्त संच याच कारणाने बंद घराला पुरत नाहीत.

दुसरी वाट म्हणून पॅनलमध्ये सिम हवंच. इथे तीन चुका सर्रास होतात. जिओचं सिम टूजीवर चालत नाही, त्यामुळे टूजी पॅनलमध्ये घातलेलं ते सिम निव्वळ शोभेचं राहतं. प्रीपेड सिमची मुदत संपते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. वर्षाचं रिचार्ज मारा आणि संपायच्या आठवडाभर आधीची आठवण दोघांच्या मोबाईलमध्ये लावा. तिसरी, पॅनल सोयीचं म्हणून लोखंडी कपाटामागे बसवतात, जिथे सिग्नलची एकच काडी असते. अँटेनाची वायर दोन-तीन मीटर वर न्या.

वीज पडण्याची सर्वांत जास्त भीती एप्रिल-मेच्या वळवात असते. पॅनलच्या सॉकेटला सर्ज प्रोटेक्टर आणि घराला नीट अर्थिंग, दोन्ही हवंच. अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टर जास्तीचा दाब कुठे सोडणार?

पायरी ५: मॉनिटरिंग कंपनीला विचारायचे प्रश्न

कंपनीची केंद्रं बहुधा मोठ्या शहरांत असतात. आपल्याकडे घरचा अलार्म थेट पोलिसांच्या पडद्यावर उमटेल अशी व्यवस्था सर्वसाधारणपणे नाही; ऑपरेटरही कोणत्याही नागरिकासारखा फोन करूनच पोलिसांना कळवतो. तेव्हा तुम्ही पैसे मोजता ते जाग्या माणसासाठी, जो तुमच्या झोपेत फोन फिरवेल. हे काम तो कसं करतो ते लेखी घ्या.

सिग्नल आल्यापासून पहिला फोन किती सेकंदांत? कोणाकोणाला, कोणत्या क्रमाने, प्रत्येकाला किती वेळा? कोणीच उचललं नाही तर ११२ ला कळवणार की फाइल बंद करणार? पॅनलचा ‘मी जागा आहे’ हा सिग्नल किती वेळाने यायचा ठरला आहे, आणि तो चुकला तर तुम्ही किती वेळाने आम्हाला सांगणार? हा शेवटचा प्रश्न फार थोडे विचारतात. दिवसातून एकदा येणारा चाचणी-सिग्नल म्हणजे सकाळी वायर कापली तर दुसऱ्या दिवशी कळणार. बंद राहणाऱ्या घराला दर काही मिनिटांनी हजेरी लागणारी वाटच घ्या.

ऑपरेटर कोणत्या भाषेत बोलतो, हे विचारायला विसरू नका. घरी फक्त आजी-आजोबा असतील आणि रात्री दोनला इंग्रजीत प्रश्न आले तर आजी फोन ठेवून देतील, आणि ऑपरेटर नोंद करेल ‘संपर्क झाला’. मराठी किंवा निदान कन्नड-हिंदी बोलणारा माणूस रात्रपाळीला असतो का, ते रात्रीच फोन करून बघा.

कंपनी गार्ड पाठवणार असेल तर तिच्याकडे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना हवा, आणि हा परवाना राज्यागणिक वेगळा असतो. कोल्हापूरच्या एजन्सीचा महाराष्ट्राचा परवाना कर्नाटकात चालत नाही. निपाणी-चिकोडीत कोल्हापूरहून सेवा घेणारी घरं बरीच असल्याने हे तपासायलाच हवं: परवान्याची प्रत मागा, त्यावर कर्नाटक राज्य आणि बेळगाव जिल्हा आहे का पाहा. गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक धरू शकतो तसाच तोही धरू शकतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

सांगितलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी येतो. करार संपल्यावर पॅनलचा इन्स्टॉलर कोड (पॅनलची सेटिंग बदलायचा कोड) तुम्हाला देणार, हेही कागदावर घ्या. तो दिला नाही तर पॅनल तुमच्या भिंतीवर असून दुसऱ्या कंपनीला जोडता येत नाही.

पायरी ६: पत्ता असा लिहा की चुकणार नाही

सीमाभागात ही पायरी वेगळी काढावी लागते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आहे, लोकांच्या तोंडात ‘बेळगाव’. कंपनीच्या नोंदीत दोन्ही लिहायला लावा. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. वडगाव आणि शहापूर या नावांची गावं तर दोन्ही राज्यांत आहेत. मारुती गल्ली शहरात आहे आणि आजूबाजूच्या कितीतरी खेड्यांतही. मुंबईत बसलेल्या ऑपरेटरने गावाचं नाव टाइप केलं की संगणक पहिलं दिसेल ते पोलीस ठाणं सुचवतो.

म्हणून जिल्हा, राज्य, पिनकोड (आपला ५९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातले सगळे ४ ने), जवळची ठळक खूण, पोलीस ठाण्याचं नाव आणि त्याचा थेट नंबर एसटीडी कोडसह, बेळगाव शहरासाठी ०८३१, एवढं सगळं नोंदवा. मोबाईलवरच्या नकाशातला घराचा बिंदूही पाठवून ठेवा. नोंद झाल्यावर कंपनीकडून तो मजकूर वाचून घ्या.

पायरी ७: किल्ली कोणाकडे, आणि ११२ कुठे लागतो

तीन-चार नावं द्या. त्यातली दोन चालत ५ मिनिटांच्या आत राहणारी हवीत. मुंबईचा भाऊ यादीत शेवटी. त्यांच्याकडे कंपाउंडची किल्ली असावी, घराची असलीच पाहिजे असं नाही. फोन झोपताना सायलेंट करणारा माणूस यादीत नको. नसेल जमत तर त्याला सायलेंटऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला सांगा आणि कंपनीचा व पॅनलचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये ‘आवडते’ म्हणून टाका, म्हणजे तेवढे फोन वाजतील असं करता येतं. घर बंद असताना पहिला फोन रिकाम्या घरी जायचा क्रम बदलून शेजाऱ्यापासून सुरू करा. पाऊण मिनिट इथे वाचलं. आणि पॅनललाच एक-दोन नंबर लावायला सांगा, म्हणजे ऑपरेटर फाइल उघडतोय तोवर समोरच्या घरी फोन वाजलेला असेल.

त्यांना काय करायचं ते आधी समजावून सांगा. आत जायचं नाही. दोघांनी मिळून, अंतर ठेवून, दिवे लावून, आवाज करून उभं राहायचं. गाडी दिसली तर नंबर वाचायचा: केए-२२ की केए-२३, एमएच-०९ की गोव्याची. निपाणीहून कोगनोळीची हद्द काही मिनिटांवर आहे. बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने किंवा चोर्ला घाटाने निघालेली गाडी तास-दीड तासात दुसऱ्या राज्यात असते. नाकाबंदी लावायची तर नंबर आणि दिशा पोलिसांना पहिल्या पाच मिनिटांत हवी.

आता ११२. हा नंबर ज्या राज्यातून फिरवाल त्या राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. मुलगा पुण्यात आहे, त्याच्या मोबाईलवर बेळगावच्या घराचा गजर आला आणि त्याने ११२ फिरवला, तर उचलणार महाराष्ट्राचा कक्ष. तिथून निरोप कर्नाटकात फिरवण्यात मोलाची मिनिटं जातात. बाहेरगावी असलेल्याने शेजाऱ्याला फोन करून त्याला ११२ लावायला सांगायचं, किंवा स्वतः पोलीस ठाण्याच्या थेट नंबरवर बोलायचं. अगदी हद्दीवरच्या गावात तुमच्या मोबाईलने पलीकडचा टॉवर धरलेला असू शकतो; म्हणून बोलायला सुरुवात राज्य आणि जिल्ह्याच्या नावाने करा.

कर्नाटकच्या कक्षात कन्नड सर्वांत लवकर समजतं. ज्यांना येत नाही त्यांनी एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवावं: “मनेगे कळ्ळरु नुग्गिद्दारे, बेग बन्नि.” घरात चोर शिरलेत, लवकर या. पुढे पत्ता मराठीत सांगितला तरी चालतो.

म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर पलंगाशेजारी पॅनिक बटण हवं आणि त्याने सायरन वाजलाच पाहिजे. दार फुटायच्या आत गल्ली जागी होणं हाच त्यांचा बचाव. पण कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला तर आवाज होऊन चालणार नाही. त्यासाठी ‘ड्युरेस कोड’ असतो: तो घातला की अलार्म बंद झाल्यासारखा दिसतो आणि गुपचूप सिग्नल जातो. नेहमीच्या कोडचा शेवटचा आकडा एकाने वाढवून ठेवलेला कोड आजींना लक्षात राहतो.

पायरी ८: चाचणी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही

शेजाऱ्यांना आणि किल्लीवाल्यांना सांगून, पण कंपनीला न सांगता, मागचं दार उघडून गजर होऊ द्या. मोबाईलवर घड्याळ सुरू करा आणि या चार गोष्टींची वेळ लिहा: सायरन, कंपनीचा पहिला फोन, किल्लीवाल्याला गेलेला फोन, तो दारात पोचला ती वेळ. किल्लीवाल्याने फोनवर लगेच कंपनीशी आधी ठरलेला परवलीचा शब्द सांगून चाचणी असल्याचं कळवायचं, म्हणजे ११२ पर्यंत गोष्ट जाणार नाही.

एकदा करून भागत नाही. दुपारी एकदा, रविवारी एकदा, रात्री दोन-अडीचला एकदा, आणि एकदा मेन स्विच पाडून राउटर बंद करून, म्हणजे सिमची वाट खरोखर चालते का कळेल. रात्रीच्या आणि दुपारच्या वेळेत मोठी तफावत निघाली तर कंपनीला त्याचं कारण विचारा.

मग कंपनीकडून त्या दिवसाची नोंद ईमेलवर मागा आणि तुमच्या आकड्यांशी ताडून पाहा. बहुतेक पॅनल ठरलेले तीन आकडी संकेत पाठवतात: १३० म्हणजे घरफोडी, १२० पॅनिक, १२१ ड्युरेस, ३०१ करंट गेला, ३०२ बॅटरी उतरली, ४०१ सिस्टीम लावली किंवा काढली, ६०२ ठरलेला चाचणी-सिग्नल. १३० ची वेळ आणि पहिल्या फोनची वेळ यांत दीड मिनिटापेक्षा जास्त अंतर असेल तर करारातली अट दाखवून भांडा. तुमच्या घड्याळाप्रमाणे दार उघडलं ती वेळ आणि १३० ची वेळ यांत अंतर असेल तर दोष नेटवर्कचा किंवा डिलेच्या सेटिंगचा, तो मिस्त्रीकडून सुटेल. ही नोंद जपून ठेवा. विम्याचा दावा करायची वेळ आली तर एफआयआरसोबत ती कामी येते.

देखभाल: मे महिन्यात आणि नवरात्राआधी

मे अखेरीला, पाऊस लागायच्या आत: मोशन सेन्सरची भिंगं कोरड्या फडक्याने पुसा, बाहेरच्या सायरनचं खोकं उघडून मुंग्यांची वारुळं काढा, वायर शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा, दारांची अंतरं मोजा. पॅनलचा प्लग काढून तासभर बॅटरीवर चालवा आणि मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या खाली आलं तर बॅटरी बदला. वायरलेस सेन्सरचे सेल सगळे एकाच दिवशी बदलून आत तारीख लिहा.

नवरात्राआधी पुन्हा एकदा, कारण तिथून दिवाळीपर्यंत आणि पुढे सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेपर्यंत घरं बंद राहतात. जाण्याआधी ठाण्यात लेखी कळवा: किती दिवस बंद, किल्ली कोणाकडे, अलार्म आहे. गस्तीचा पोलीस मग फाटकाजवळ नजर टाकून जातो.

भाडेकरू गेला, कामवाली बदलली, रंगारी महिनाभर घरात होते, तर त्याच संध्याकाळी वापरायचा कोड बदला. इन्स्टॉलर कोड कारखान्यातून येतो तसाच, १२३४ किंवा ००००, राहिलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून बँकेच्या पासबुकाजवळ लिहून ठेवा.